वाळवंटी उष्म्यात केळीची बाग

वैशाखातील दुपारी बऱ्हाणपूरहून रावेरच्या दिशेने जाणाऱ्या प्रवाशाला एक चमत्कारिक दृश्य दिसते. दोन्ही बाजूंची काळी शेते नांगरून उघडी पडलेली असतात, ओढे कोरडे असतात, बाभळीखाली गुरे तोंड मिटून उभी असतात. आणि त्याच मातीत मधूनमधून केळीचे हिरवेगार चौकोन उभे असतात. बांधावर उभे राहिले तर लूच्या झळांनी डोळे चुरचुरतात. बागेत दहा-पंधरा पावले आत गेले की हवा ओलसर लागते आणि पायांखालची जमीन गार वाटते. ऊन तेच, गाव तेच, घटकाही तीच. केवळ दहा-पंधरा पावलांचे अंतर. तीव्र उष्म्यात केळ कशी जगते, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी या अंतरातच आहे.

केळीचे माहेर आग्नेय आशियातील व न्यू गिनीतील दमट अरण्यांत आहे. तेथे पाऊस वर्षभर पडतो, वारा झाडीत अडतो आणि हवेत ओलावा भरपूर असतो. अशा मुलखातील हे पीक तापीच्या खोऱ्यात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपलीकडे जातो, तेथे एवढ्या मोठ्या प्रमाणावर रुजावे, ही गोष्ट शेतकऱ्याच्या चिकाटीची साक्ष देते. मध्य प्रदेशात २००३ साली स्वतंत्र झालेल्या बऱ्हाणपूर जिल्ह्याचे 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेतील पीक केळीच आहे. सीमेपलीकडील जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि दरवर्षी एप्रिल-मे उजाडला की या पट्ट्यातील केळी उत्पादकाच्या जिवाला घोर लागतो. वर्षभराचा खर्च झाडावर लटकलेला असतो आणि चार-सहा दिवसांच्या लूमध्ये तो हातचा जाऊ शकतो.

झाड उन्हाने मरते की तहानेने?

सर्वसाधारण समज असा की, केळीला ऊन सोसत नाही. हा समज अर्धाच खरा आहे. केळीची वाढ २६ ते ३१ अंशांच्या दरम्यान उत्तम होते. तापमान ३८ अंशांच्या पुढे गेले की वाढ थांबते आणि पाने होरपळू लागतात. पानाचे स्वतःचे तापमान ४७ अंशांच्या पुढे गेले म्हणजे त्यातील पेशीच मरतात. येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. हवेचे तापमान ही एक गोष्ट आणि पानाचे तापमान ही दुसरी. हवा ४४ अंशांवर असली, तरी पान तितके तापेलच असे नाही. उलट उन्हात ते हवेहून अधिकही तापू शकते. या दोहोंतील फरक पाणी ठरवते.

घरातील माठाचे उदाहरण घ्यावे. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातील उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. केळीचे पान हेच करते. पानाच्या पृष्ठभागावर, विशेषतः खालच्या बाजूस, असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते व पान थंड राहते. मात्र कोरड्या वाऱ्याच्या झोतात ठेवलेला माठ जसा लवकर गार होतो, तसाच तो लवकर रिताही होतो. मग कोरडा माठ उन्हात तापत जातो. केळीचीही हीच गत होते. लू सुरू झाली की पानातून जितके पाणी जाते तितके मुळे पुरवू शकत नाहीत. झाड आपले पाणी राखण्यासाठी रंध्रे मिटून घेते. रंध्रे मिटली की वाफ थांबते, वाफ थांबली की पान तापते आणि पुढच्या तासाभरात ते करपते. म्हणजे घाव उन्हाचा दिसतो, पण त्याला वाट करून देतो तो कोरडा वारा. जमिनीत पाणी असूनही झाड होरपळलेले दिसते, याचे कारण हेच.

केळीची रचनाही या संकटाला पोषक आहे. जिला आपण खोड म्हणतो ती एकमेकींत गुंडाळलेल्या पानांच्या देठांची गुंडाळी असते. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. मुळे लांबवर पसरली तरी त्यांतील बहुतेक जमिनीच्या वरच्या फूट-दीड फूट थरातच राहतात. वैशाखात तापतो आणि सुकतो तो नेमका हाच थर. वर आठ-आठ फूट लांबीची रुंद पाने आणि खाली उथळ मुळे, असे हे विषम गणित आहे.

निसर्गाने झाडाला काही उपायही दिले आहेत. भर दुपारी केळीच्या पानाचे दोन्ही भाग मधल्या शिरेच्या दोहों बाजूंस खाली झुकतात व उन्हाला पाठ देतात. नवख्या शेतकऱ्याला वाटते की झाड कोमेजले. सायंकाळी पाने पुन्हा पसरली तर काळजीचे कारण नसते. सकाळी सात वाजताही ती मिटलेलीच दिसली तर मात्र मुळांना पाणी पोहोचत नाही असे खुशाल समजावे. वाऱ्याने पान थोडेफार चिरले जाणे हेही सर्वस्वी वाईट नसते. अरुंद पट्ट्या रुंद पानापेक्षा लवकर थंड होतात. परंतु पानाच्या पार चिंध्या झाल्या की अन्न तयार करणारा कारखानाच बंद पडतो. घड चांगला भरावयाचा तर निसवणीच्या वेळी झाडावर निदान आठ-दहा कार्यक्षम पाने हवीत.

मेमधील नुकसान मेमध्येच दिसते असेही नाही. घडात किती फण्या पडणार, हे केळफूल बाहेर येण्याच्या कित्येक आठवडे आधी, खोडाच्या पोटातच ठरते. त्या वेळी झाडाने तहान काढली असेल, तर पुढे पावसाळ्यात कितीही खत घातले तरी कमी फण्यांचा घड वाढत नाही. व्यापारी घडाकडे पाहून भाव पाडतो तेव्हा शेतकऱ्याला जुलैतील खताची आठवण होते, पण चूक बहुधा एप्रिलच्या पाण्यात झालेली असते.

खऱ्या वाळवंटातील बागा

जेथे वाळवंट अगदी दाराशी आहे, अशा प्रदेशांतही केळी होते. ओमान देशात जबल अखदर पर्वताच्या पायथ्याशी बिरकत अल् मौज नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ 'केळ्यांचे कुंड'. (अरबी 'मौज' या शब्दाचे नाते संस्कृत 'मोचा' या केळीवाचक शब्दाशी अनेक भाषापंडित जोडतात.) भोवती उघडे, तापलेले खडक, मध्ये खजुराची राई. त्या मुलखात खजुराच्या छत्राखाली लिंबू, केळी अशी बुटकी फळझाडे आणि त्यांच्याही खाली चारा व भाजीपाला, अशी मजल्यामजल्यांची शेती शतकानुशतके चालत आली आहे. खजूर ऊन डोक्यावर घेतो, वारा अडवतो. खालच्या झाडांच्या श्वासाने हवा दमट होते आणि त्या ओलाव्यात केळ उभी राहते. दमट अरण्य वाळवंटात नेता येत नाही, पण अरण्याचा एक तुकडा तेथे रचता येतो, हे या बागायतदारांनी ओळखले. पाणी येते ते 'फलज' नावाच्या पाटांतून. यांतील अनेक पाट डोंगरातील भूजल जमिनीखालून कोरलेल्या बोगद्यातून उताराने आणतात आणि गावकरी ते ठरलेल्या वेळेच्या हिश्शांनी वाटून घेतात. २००६ साली अशा पाच फलजांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत या गावचा फलजही आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कार्नार्व्हन येथील परिस्थिती तापीकाठच्या शेतकऱ्याला अधिक ओळखीची वाटेल. तेथे वर्षाकाठी सुमारे २३० मिलिमीटर पाऊस पडतो. गॅस्कॉइन नदीचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे दिसते. पाणी वाळूखालून वाहते व तेथूनच ते उपसले जाते. नदीच्या दोन्ही काठांवर लहान लहान केळीबागा आहेत. फळ आकाराने लहान, पण गोड, असा त्याचा लौकिक आहे. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी या गावी ४९.९ अंश तापमानाची नोंद झाली. अशा दिवशी पाणी दिलेल्या बागेलाही फळ भाजण्याचे व पाने करपण्याचे भय राहतेच. माणसाच्या उपायांना मर्यादा आहे, हेही सांगणे प्राप्त आहे.

जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीहूनही खोल आणि उष्ण भागात, केळीच्या बागांवर जाळ्या टाकण्याची पद्धत रूढ झाली आहे. जाळीमुळे ऊन थोडे कमी होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वारा मंदावतो आणि पाण्याची गरज लक्षणीय प्रमाणात घटते. खजुराचे छत्र आणि सुताची जाळी यांचे काम एकच.

तापीकाठी काय करता येईल

आपल्याकडे खजुराची राई नाही. पण बांध आहे. पश्चिमेची व दक्षिणेची बाजू सर्वांत अधिक तापते, तथापि वारा कोणत्याही दिशेने फिरत असल्याने चारही बांधांवर आडोसा असणे इष्ट. शेवरी किंवा गजराज गवत यांच्या दोन दाट ओळी लागवडीबरोबरच लावाव्यात. एप्रिलमध्ये जाग येऊन शेवरी पेरणाऱ्याला तिचा त्या वर्षी काही उपयोग होत नाही. ज्यांचे हे राहून गेले त्यांनी हिरवी जाळी, ज्वारीचे ताटे किंवा जुन्या साड्या बांधावर ताणल्या तरी चालतात. साड्यांच्या कुंपणाला हसणारे शेजारी पुष्कळ असतात. मे अखेरीस दोन्ही शेतांतील बांधालगतच्या ओळी पाहाव्यात. आडोसा अगदी भिंतीसारखा भरीव नसावा. भरीव आडोशावरून वारा उसळी घेतो व पलीकडे जोराने आदळतो. थोडा वारा गाळून आत सोडणारी शेवरी म्हणूनच भिंतीपेक्षा सरस. तिच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी झालेला आढळतो.

लागवडीच्या वेळेचा विचारही याच दृष्टीने करावा. जून-जुलैची मृगबाग वैशाखात शिरते तेव्हा झाड मोठे असते व त्यावर घड लटकलेले असतात. तेथे मुख्य चिंता घड भाजण्याची व खोड कोलमडण्याची. सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग याच सुमारास निसवण्याच्या बेतात असते, म्हणून तिच्या पाण्यात एप्रिलपासून खंड पडू देणे महाग पडते. फेब्रुवारीनंतर मात्र नवी लागवड करू नये. ऊतिसंवर्धित रोपे सावलीत वाढलेली, कोवळ्या अंगाची असतात. मार्चच्या उन्हात ती तग धरत नाहीत आणि रोपांचे पैसे मातीत जातात. लहान बागेत ओळींच्या मध्ये ताग पेरण्याची खानदेशातील रीत अनुकरणीय आहे. ताग रोपाला सावली देतो आणि पुढे कापून त्याचेच आच्छादन होते.

आच्छादन ही दुसरी महत्त्वाची बाब. मुळे वरच्या थरात असल्याने तो थर झाकलेला असला पाहिजे. केळीची वाळलेली पाने, उसाचे पाचट, गव्हाचा भुसा यांपैकी जे हाताशी असेल त्याचा वीतभर जाडीचा थर झाडांच्या ओळीत पसरावा. खोडाला मात्र तो चिकटू देऊ नये. पाचट जाळून टाकणारा शेतकरी आपल्या बागेची चादर जाळत असतो.

घडाचे रक्षण अगदी स्वस्तात होते. घडाचा दांडा जेथे वाकतो तेथे ऊन थेट पडते, तो भाजला की घडाचा अन्नपुरवठाच तुटतो. केळीचे एक वाळलेले पान दांड्यावर बांधावे व घडही पानांनी झाकावा. बांधालगतच्या ओळींत झाडाला चिकटून लोंबणारी सुकी पाने उन्हाळ्यात काढू नयेत. बाग नीटनेटकी दिसण्याची हौस पावसाळ्यात पुरवावी. पानांवर ८ टक्के केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या, द्रावणाची पंधरा दिवसांच्या अंतराने फवारणी केल्यास ऊन परावर्तित होते व बाष्प कमी उडते, अशी कृषितज्ज्ञांची शिफारस आहे. दहा लिटर पाण्यास ८०० ग्रॅम हे तिचे प्रमाण.

पाण्याचा हिशेब

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. पाच फूट बाय पाच फुटांवर लागवड केलेल्या एका एकरात सुमारे १,८०० झाडे बसतात. भर उन्हाळ्यात, ठिबक सिंचन असतानाही, वाढलेल्या एका झाडाला दररोज २० ते ३० लिटर पाणी लागते. सरासरी २५ लिटर धरले तर एकरी रोजचे ४५,००० लिटर. एप्रिलच्या आरंभापासून मृग नक्षत्र उजाडून पावसाची खात्री होईपर्यंतचे ७५ दिवस मोजले, तर हा आकडा ३३ लाख लिटरांच्या वर जातो. आपल्या विहिरीची परीक्षा शेतकऱ्याला घरीच करता येते. दोनशे लिटरचे पिंप पंपाखाली ठेवावे व ते भरण्यास किती वेळ लागतो हे घड्याळावर पाहावे. एक मिनिट लागत असेल, तर एका एकरासाठी दररोज पावणेचार तास पंप चालला पाहिजे, आणि तितका वेळ विहिरीला पाणी व तारेत वीज असली पाहिजे. ही परीक्षा पावसाळ्यानंतर नव्हे, तर आधीच्या वर्षीच्या मे महिन्यात घ्यावयाची असते. दिवाळीतील भरलेली विहीर पाहून केळी वाढवणाऱ्यांची फसगत याच गणितात होते. पाणी दोन एकरांचे असेल तर दोनच एकर लावावेत. तीन एकरांची अर्धी तहानलेली बाग दोन एकरांच्या तृप्त बागेपेक्षा नेहमीच तोट्यात जाते.

पाणी द्यावे ते पहाटे किंवा रात्री, आणि शक्य असेल तर दोन हप्त्यांत. भर दुपारी उन्हात पडलेल्या काळ्या नळ्यांतील पाणी हाताला चटका देण्याइतके तापते. तेच मुळांवर सोडणे योग्य नाही. दुपारी पाणी द्यावेच लागले तर प्रथम नळ्यांचे टोक उघडून तापलेले पाणी बाहेर जाऊ द्यावे. त्याबरोबरच पालाशाची उणीव राहू देऊ नये, कारण पानांची रंध्रे उघडण्या-मिटण्याचे काम त्यावर अवलंबून असते.

उथळ विहीर आटली म्हणून खोल नलिकाकूप घेतला जातो. त्याचे पाणी अनेकदा खारट असते, आणि केळ हे क्षाराला अत्यंत नाजूक पीक आहे. खारट पाण्याने जुन्या पानांच्या कडा प्रथम तपकिरी होतात व करपा कडेकडून आत सरकतो. उन्हाने भाजलेल्या पानावर मात्र ऊन जेथे थेट पडते तेथेच डाग येतात. हा फरक न ओळखता पाणी वाढवले तर क्षारही वाढतो. म्हणून नव्या कूपनलिकेचे पाणी प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याखेरीज केळीला देऊ नये.

बऱ्हाणपूरकरांना भूजलाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, इराणातून आलेल्या जाणकाराने या शहरासाठी कुंडी भंडाऱ्याची योजना आखली. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखाली अडवून, शंभराहून अधिक कुंड्यांच्या साखळीने ते उताराने शहरात आणले गेले. ओमानच्या फलजाची आणि या भंडाऱ्याची विद्या एकच. फरक इतकाच की, बिरकत अल् मौजचे पाणी केळीच्या मुळाशी जाते व कुंडी भंडारा नगराची तहान भागवण्यासाठी बांधला गेला. अशा योजनेत डोंगर जितके पाझरतो तितकेच पाणी मिळते. नलिकाकूप मात्र साठ्यालाच हात घालतो. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन राज्यांत तापी खोरे महापुनर्भरण योजनेबाबत करार झाला. ती योजना प्रत्यक्ष उभी राहीपर्यंत शेतावरचे पाणी शेतातच मुरवणे, नाल्यावर बांध घालणे, पावसाळ्यात विहिरीत गाळलेले पाणी सोडणे ही कामे प्रत्येक गावाच्या हातात आहेत.

परसातील व शाळेच्या आवारातील दोन-चार झाडांसाठी एवढा खटाटोप नको. न्हाणीच्या पाण्याची मोरी, घराच्या पूर्वेची भिंत आणि शेजारी एखादे शेवग्याचे किंवा पपईचे झाड असे त्रिकूट जमले की केळ बारमाही टिकते. साबणाचे व सोड्याचे पाणी मात्र वेगळे काढावे. पश्चिमेच्या भिंतीला लागून केळ लावू नये. दुपारनंतर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. झाडे एकेकटी न लावता तीन-चारांचा पुंजका करावा, म्हणजे ती एकमेकांना सावली देतात. शाळांना मे महिन्यात सुटी असते आणि नेमकी तेव्हाच झाडे तहानेने जातात. मुख्याध्यापकांनी सुटीपूर्वी शेजारच्या एखाद्या घरी पाण्याची जबाबदारी सोपवून ठेवावी.

लू ओसरल्यावर शेतकऱ्याचा हात कोयत्याकडे जातो, कारण करपलेली पाने डोळ्यांना खुपतात. ती लगेच कापू नयेत. अर्धवट हिरवे पानही झाडाला अन्न देते आणि सुकलेले पान खोडाला सावली देते. पाऊस सुरू होऊन नवा पोंगा उलगडेपर्यंत थांबावे. मग पूर्ण वाळलेली पानेच धारदार कोयत्याने काढावीत, भोवतालचे मुनवे कापून एकच जोमदार मुनवा राखावा आणि निघालेला सर्व पाला पुन्हा ओळीतच पसरावा.